वाचकांचे प्रश्न : दोन भेगांच्या मधले पाच मिलिमीटर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे पोलादातल्या भेगांविषयी, त्यातही एकमेकींच्या शेजारी असलेल्या भेगांविषयी आहेत. विषय माणसांच्या जिवाशी निगडित असल्यामुळे सदराची सगळी जागा या चार पत्रांना दिली आहे.

प्रश्न : मी एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. वार्षिक बंदच्या काळात आमच्या एका जुन्या प्रेशर व्हेसलच्या (आतून दाब सोसणाऱ्या पोलादी पात्राच्या) उभ्या वेल्डची डाय पेनिट्रंट चाचणी (भेगेत रंगीत द्रव शिरवून ती उमटवण्याची) झाली. वेल्डच्या कडेला एकाच रेषेत दोन लाल रेघा उमटल्या. प्रत्येकीची लांबी २० मिलिमीटर असून दोघींच्या मध्ये ५ मिलिमीटर पांढरी, स्वच्छ जागा आहे. अहवालात दोन्ही भेगा वेगवेगळ्या नोंदवल्या आहेत आणि एकेकीचा हिशेब केल्यास धोका नाही, असे सल्लागारांचे मत आहे. डिसेंबरात हायड्रो टेस्ट (पाणी भरून जादा दाब देण्याची चाचणी) घेऊन व्हेसल पुन्हा चालू करायचे ठरले आहे. या भेगा दोन समजायच्या की एक? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. या दोन भेगा म्हणजे ४५ मिलिमीटर लांबीची एकच भेग आहे असे धरून पुढचा निर्णय घ्यावा, आणि तो होईपर्यंत हायड्रो टेस्ट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला हे कारखान्यातल्या इतरांनाही पटवून द्यावे लागणार असल्यामुळे कारणे जरा विस्ताराने सांगतो.

ओढल्या जाणाऱ्या प्लेटमधून जोर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात असतो. वाटेत भेग आली की तेवढ्या रुंदीतून तो पलीकडे जाऊ शकत नाही; भेगेला वळसा घालून तो तिच्या दोन टोकांपाशी दाटतो. साध्या गोल भोकाच्या कडेलासुद्धा ताण तिप्पट होतो, हे किर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखवले. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये लंबवर्तुळाकार भोकाचे गणित सोडवले, तेव्हा भोक जितके चपटे तितका टोकावरचा ताण अधिक, हे उघड झाले. भेग म्हणजे या चपटेपणाची परिसीमा. तिच्या टोकावरचा ताण कागदावर अमर्याद निघतो, म्हणून ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेवरच्या प्रयोगांतून वेगळी वाट काढली आणि भेग किंचित पुढे सरकली तर किती ऊर्जा मोकळी होते, हे मोजायला सुरुवात केली. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील अर्विन यांनी १९५७ मध्ये हेच ज्ञान अभियंत्यांच्या रोजच्या वापराचे केले. त्यांनी दिलेल्या राशीला आपण ताणतीव्रता म्हणू. ती ताणाच्या प्रमाणात वाढते आणि भेगेच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. भेग चौपट लांब झाली तर ताणतीव्रता दुप्पट होते. ही ताणतीव्रता त्या पोलादाच्या, त्या तापमानाच्या चिवटपणाला गाठते तेव्हा भेग धावू लागते. आपल्या सल्लागारांनी हाच हिशेब केला असणार, आणि एकट्या भेगेपुरता तो बरोबरही असेल.

अडचण अशी की हा हिशेब भेग एकटी आहे असे गृहीत धरतो. आपल्या व्हेसलमध्ये डाव्या भेगेच्या उजव्या टोकाला वळसा घालणारा जोर आणि उजव्या भेगेच्या डाव्या टोकाला वळसा घालणारा जोर हे दोन्ही त्याच पाच मिलिमीटरच्या पट्टीतून जाऊ पाहतात. रुंद प्लेटमध्ये आरपार गेलेल्या, एका रेषेतल्या दोन समान भेगांचे नेमके गणित उपलब्ध आहे. मधले अंतर भेगेच्या लांबीइतके असेल तर आतल्या टोकांवरची ताणतीव्रता एकट्या भेगेपेक्षा जेमतेम ५ टक्क्यांनी जास्त भरते. अंतर भेगेच्या लांबीच्या एक चतुर्थांश असेल, आणि आपले प्रमाण नेमके तेच आहे, तर आतल्या टोकांवर ती सुमारे २३ टक्क्यांनी आणि बाहेरच्या टोकांवर सुमारे ८ टक्क्यांनी वाढते. अंतर लांबीच्या एक नवमांशावर आले की आतल्या टोकांवरची वाढ ४५ टक्क्यांपर्यंत पोचते. म्हणजे शेजारीण दूर असताना तिचा प्रभाव नगण्य असतो, आणि अगदी जवळ आल्यावर तो झपाट्याने चढतो. एका रेषेत दोनच नव्हे तर सारख्या अंतरावर भेगांची लांब रांग असेल तर एक चतुर्थांश अंतरालाच ही वाढ ५६ टक्क्यांवर जाते.

घरी करून पाहावा असा एक प्रयोग सांगतो. वहीचा कोरा कागद घेऊन मधोमध ब्लेडने एकाच आडव्या रेषेत चार-चार सेंटिमीटरच्या दोन चिरा पाडा आणि मध्ये एक सेंटिमीटर जागा सोडा. कागदाची वरची आणि खालची कड दोन पट्ट्यांमध्ये घट्ट धरून सावकाश ओढा. बाहेरची टोके अजून जागची हललेली नसतात, तोवर मधली एक सेंटिमीटरची पट्टी टचकन तुटते आणि समोर नऊ सेंटिमीटरची एकच उघडी फट राहते. आपल्या व्हेसलच्या बाबतीत मला ज्या क्षणाची धास्ती वाटते तो हाच. पट्टी तुटताच भेगेची लांबी २० वरून ४५ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन पट होते आणि सव्वादोनाचे वर्गमूळ दीड. त्यामुळे ज्या बाहेरच्या टोकांवर आतापर्यंत फक्त ८ टक्के जादा भार होता, त्यांच्यावर एका क्षणात ५० टक्के जादा भार येतो, आणि तोही धक्क्यासारखा.

हे आकडे आरपार भेगांचे आहेत. आपल्या भेगा बहुधा पृष्ठभागावरून काही खोलीपर्यंतच गेलेल्या असतील, आणि त्यांच्या तळाखालचा अखंड धातू बराच जोर वाहून नेत असल्याने प्रत्यक्षातला परस्परप्रभाव यापेक्षा सौम्य असेल. पण यात समाधान मानण्यासारखे फारसे नाही. अशा दोन भेगा जुळतात तेव्हा जोडाच्या ठिकाणी भेगेची कड आत वळलेल्या खाचेसारखी उरते, आणि त्या खाचेत ताणतीव्रता फार मोठी असते. शिवाय व्हेसलला आतून दाब दिला की परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणापेक्षा दुप्पट असतो, आणि उभ्या वेल्डलगतच्या उभ्या भेगा नेमक्या त्याच ताणाने उघडतात. वेल्डिंगनंतर तो जोड भट्टीत तापवून ताणमुक्त केलेला नसेल तर थंड होताना आखडलेल्या धातूचा स्वतःचा ताणही त्यात मिळतो, आणि हा ताण पोलादाच्या नमण्याच्या मर्यादेजवळ जाऊ शकतो. सल्लागारांच्या हिशेबात तो धरला आहे का, हे अवश्य विचारा.

आता तापमानाविषयी. भर उष्णतेत चालणाऱ्या व्हेसलचे पोलाद चिवट असते. मधली पट्टी आधी नमते, पातळ होते, मग फाटते. या सगळ्यात ऊर्जा खर्च होते आणि बऱ्याचदा गळती होऊन इशारा मिळतो. थंडीत त्याच पोलादाचे कण सपाट पृष्ठांवर उकलतात, मध्ये नमण्याला वावच मिळत नाही. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे स्केनेक्टडी हे नवे कोरे वेल्डेड तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले असताना, पाणी शांत असताना, मधोमध दुभंगले. डिसेंबर १९६५ मध्ये इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टन येथे अमोनिया कारखान्यासाठी तयार होणारे सुमारे १५ सेंटिमीटर जाड भिंतीचे व्हेसल हायड्रो टेस्टमध्येच फुटले, आणि सुरुवात वेल्डलगतच्या जेमतेम एक सेंटिमीटरच्या भेगेपासून झाली होती. हायड्रो टेस्ट ही सुरक्षिततेची खात्री करून घेण्यासाठी असते, पण तिच्यात दाब रोजच्यापेक्षा जास्त आणि धातू रोजच्यापेक्षा थंड असतो, हे विसरून चालणार नाही. अमेरिकी अभियंत्यांच्या एएसएमई संहितेत चाचणीच्या वेळी धातूचे तापमान व्हेसलच्या किमान अनुज्ञेय तापमानापेक्षा १७ अंश सेल्सिअसने वर ठेवण्याची शिफारस आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून हा नियम आपल्याला लागू नाही, असा एक समज मी अनेकदा ऐकला आहे आणि तो घातक आहे. ज्याची चार्पी चाचणी (हातोड्याच्या ठोक्याने चिवटपणा मोजण्याची) कधी झाली नाही अशा जुन्या, जाड कार्बन पोलादाला कोल्हापूरची डिसेंबरातली पहाटही थंडच असते.

आणखी एक गोष्ट आहे, जिचा उल्लेख तपासणी अहवालांत क्वचितच आढळतो. ठिसूळ भंग हा काही अंशी संभाव्यतेचा खेळ आहे. भेगेच्या टोकापुढे कुठेतरी एखादा कार्बाइडचा कण फुटतो आणि तिथून सगळे सुरू होते. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीपाशी तुटावी तसे. म्हणून एकाच प्लेटमधून कापलेले दहा नमुने एकाच तापमानाला दहा वेगवेगळे आकडे देतात. भेगा दोन असल्या, मग त्या एकमेकींपासून कितीही दूर असोत, की कच्ची कडी सापडण्याच्या जागा दुप्पट झाल्या. एकीपासून भंग होण्याची शक्यता ५ टक्के असेल तर दोघींपैकी निदान एकीपासून होण्याची शक्यता पावणेदहा टक्के होते. त्या जवळ असल्या तर परिणाम याहून तीव्र. फिनलंडचे किम वॉलिन यांच्या कामातून पुढे आलेल्या मास्टर कर्व्ह या ठिसूळ भंगाचा अंदाज घेण्याच्या पद्धतीत ही शक्यता, ती लहान असेपर्यंत, ताणतीव्रतेच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आतल्या टोकांवरची २३ टक्के वाढ कागदावर किरकोळ दिसते, परंतु १.२३ चा चौथा घात २.२९ येतो. म्हणजे त्या टोकांपाशी भंगाची शक्यता सव्वादोन पटींहून अधिक झाली.

या सगळ्या कारणांनी ब्रिटिश मानक बीएस ७९१०, अमेरिकी एपीआय ५७९ आणि एएसएमईचा अकरावा विभाग या तिन्हींमध्ये शेजारच्या भेगा कधी एक धरायच्या याचे नियम दिलेले आहेत. अंतराची मर्यादा प्रत्येकात वेगळी आहे आणि आवृत्तीगणिक ती बदललीही आहे, म्हणून आपल्या व्हेसलला लागू असलेल्या संहितेची चालू आवृत्तीच पाहावी. मर्यादेच्या आत असलेल्या भेगांना एकाच चौकटीत घालून त्या चौकटीएवढी एक भेग समजायची, हे तत्त्व मात्र सर्वत्र समान आहे.

करायचे काय, ते सांगतो. पांढऱ्या पावडरीवर लाल रंग पसरतो तेव्हा रेघ जाड दिसते, पण भेगेचे अगदी मिटलेले टोक रंग ओढून घेत नाही; त्यामुळे खरे अंतर पाचापेक्षा कमी असू शकते. ही जागा घासून, स्वच्छ करून मॅग्नेटिक पार्टिकल चाचणीने (चुंबक आणि लोखंडी भुकटी वापरून) पुन्हा पाहावी, म्हणजे मिटलेली टोकेही उमटतील. डाय पेनिट्रंटला खोली कळत नाही, तेव्हा अल्ट्रासोनिकने दोन्ही भेगांची आणि मधल्या पट्टीखालचीही खोली मोजावी. अहवालात दोन लांबींच्या शेजारी मधल्या अंतराचा रकाना असायलाच हवा, असा आग्रह धरा. भेगा उथळ असतील तर ग्राइंडरने हळूहळू काढून, उतार निमुळता ठेवून, उरलेली जाडी पुरेशी आहे का हे तपासता येते. खोल असतील तर मान्यताप्राप्त पद्धतीने दुरुस्ती, ताणमुक्ती, पुन्हा तपासणी, आणि त्यानंतरच कोमट पाण्याने हायड्रो टेस्ट. या सर्वांचा अंतिम निर्णय प्रत्यक्ष जागेवर आलेल्या सक्षम निरीक्षकानेच द्यायचा आहे. माझे उत्तर त्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : मी मेकॅनिकल अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. शेजारच्या भेगांमुळे धोका वाढतो असे शिकवले जाते. मग बेल्जियममधील अणुभट्ट्यांच्या पोलादी पात्रात हजारो भेगा सापडूनही त्या पुन्हा चालवायला परवानगी कशी मिळाली? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : फार चांगला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शेजारीण कोणत्या बाजूला आहे यात दडलेले आहे.

वरच्या उत्तरातला कागदाचा प्रयोग थोडा बदलून करा. या वेळी दोन चिरा एका रेषेत न पाडता एकीखाली एक, सेंटिमीटरभर अंतराने पाडा आणि तसेच ओढा. दोन चिरांमधली पट्टी सैल पडलेली, किंचित फुगलेली दिसेल. तिच्यातून जोर जातच नाही, कारण वरची चीर खालचीला आणि खालची वरचीला आडोसा देते. समांतर भेगा अगदी जवळ आल्या की दोघी मिळून एका भेगेइतकीच ऊर्जा मोकळी करू शकतात आणि ती दोघींत वाटली जाते. सारख्या अंतरावर समांतर भेगांची लांबच लांब चवड असेल तर आणखी नवल घडते. भेगा पुरेशा लांब झाल्यावर टोकावरची ताणतीव्रता भेगेच्या लांबीवर अवलंबून राहतच नाही, फक्त दोन भेगांमधल्या अंतरावरून ठरते.

आता बेल्जियमकडे वळू. २०१२ च्या उन्हाळ्यात अँटवर्पजवळच्या डूल ३ या भट्टीच्या पात्राची अल्ट्रासोनिक तपासणी झाली तेव्हा सुमारे ८ हजार आणि लिएजजवळच्या तिहांज २ मध्ये सुमारे २ हजार खुणा मिळाल्या. २०१४ मध्ये यंत्रणेची संवेदनक्षमता वाढवून पुन्हा मोजल्यावर हे आकडे १३,०४७ आणि ३,१४९ झाले. या वाढीचे कारण मोजणी सूक्ष्म झाली हे होते. भेगा वाढल्याचा तो पुरावा नव्हता. या भेगा म्हणजे हायड्रोजन फ्लेक्स. घडाईच्या प्रचंड पोलादी कड्यात अडकलेला हायड्रोजन, कडे थंड होताना बाहेर पडायला वाट न मिळाल्याने, आतच बारीक पापुद्र्यांसारख्या भेगा पाडतो. हे १९७० च्या दशकात, पात्र घडवले जात असतानाच झाले होते.

हे पापुद्रे पात्राच्या भिंतीला जवळजवळ समांतर आहेत. आतल्या दाबाचा मुख्य ताण भिंतीच्याच पातळीत, म्हणजे पापुद्र्यांच्या अंगाने वाहतो, त्यामुळे तो त्यांना उघडत नाही. अगदी सपाट पापुद्र्याला त्या ताणाची जवळपास जाणीवच होत नाही. प्रश्न होता तो किंचित कललेल्या पापुद्र्यांचा, आणि एकावर एक पायऱ्यांसारखे बसलेले शेजारी पापुद्रे जुळून एक मोठी तिरकी भेग होईल का, याचा. तेव्हाच्या संहितेतले जवळिकीचे नियम शब्दशः लावले असते तर हजारो पापुद्रे एकाच चौकटीत जाऊन प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेली राक्षसी भेग कागदावर तयार झाली असती. म्हणून कललेल्या, एकमेकांवर आलेल्या भेगांच्या जोड्यांचे त्रिमितीय संगणकीय हिशेब करून त्यांच्यासाठी गटवारीचे वेगळे नियम बसवले गेले. याच विषयावर पुढे एएसएमईची एन-८४८ ही ‘कोड केस’, म्हणजे संहितेला जोडलेली पर्यायी नियमावली, आली.

परवानगी सहज मिळालेली नाही, हेही नमूद करायला हवे. मार्च २०१४ मध्ये, हायड्रोजन फ्लेक्स असलेल्या पोलादाच्या किरणोत्सर्गाखाली ठेवलेल्या नमुन्यांत अपेक्षेपेक्षा अधिक ठिसूळपणा आढळला आणि दोन्ही भट्ट्या पुन्हा थांबवण्यात आल्या. दीड वर्षाहून अधिक काळ चाचण्या झाल्यावर नोव्हेंबर २०१५ मध्ये बेल्जियमच्या अणुनियामक संस्थेने त्या चालवायला संमती दिली. आणीबाणीत पात्रात सोडायचे पाणी आधीच कोमट करून ठेवावे, अशी काळजीही तिथे घेतली गेली, कारण तापलेल्या पात्रावर थंड पाणी पडले की आतला थर आखडतो आणि ठिसूळ भंगाची खरी परीक्षा तेव्हाच होते. देशाच्या अणुऊर्जा-निवृत्तीच्या कायद्यानुसार डूल ३ सप्टेंबर २०२२ मध्ये आणि तिहांज २ जानेवारी २०२३ अखेर कायमची बंद झाली.

विद्यार्थी म्हणून आपण एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवा. समांतर भेगांचा आडोसा कायमचा नसतो. चवडीतल्या सर्वांत बाहेरच्या भेगेला एकाच बाजूने आडोसा मिळतो, म्हणून ती आधी वाढते. आणि रांगेतली एखादी भेग जरा पुढे गेली की तीच इतरांना झाकोळून टाकते आणि सगळा जोर स्वतःकडे घेते. शिवाय भेगा ना धड एका रेषेत ना धड एकमेकींवर, अशा तिरक्या मांडणीत असतील तर टोके समोरासमोर येईपर्यंत त्या एकमेकींना उत्तेजन देतात आणि ओलांडून गेल्यावर आडोसा देऊ लागतात. अशा भेगा जवळ येताना आधी किंचित दूर वळतात आणि मग आकड्यासारख्या एकमेकींकडे झुकतात. भिंतीच्या गिलाव्यावर किंवा आटलेल्या तळ्याच्या चिखलात हे आकडे शोधून पाहा. एकदा दिसले की सगळीकडे दिसू लागतात.

प्रश्न : माझे भाऊ रेल्वेत ट्रॅकमन आहेत. रुळाच्या आतल्या कडेवर माशाच्या खवल्यांसारख्या बारीक, तिरक्या, समांतर रेघा कधी कधी दिसतात. समांतर भेगा एकमेकींना आडोसा देत असतील, तर यांची काळजी करू नये का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : काळजी जरूर करावी. चाकाच्या सततच्या दाबाने आणि घसटीने रुळाच्या कोपऱ्यावरचा पातळ थर थकतो आणि अशा शेकडो भेगा एकीशेजारी एक उगवतात. सुरुवातीला त्या एकमेकींना आडोसा देतात हे खरे, आणि म्हणूनच त्या बराच काळ उथळ राहतात. मात्र त्यांतली एखादी पुढे सरकून खाली वळली की ती रुळाच्या पोटात शिरते. आणि इथे शेजारणींचा दुसराच त्रास सुरू होतो. वरच्या उथळ भेगा अल्ट्रासोनिक लहरी वरच्या वर परतवतात, त्यामुळे त्यांच्या खाली लपलेली खोल भेग यंत्राला दिसतच नाही. ताणापासून दिलेला आडोसा तपासणीपासूनही आडोसा ठरतो.

१७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडात हॅटफील्डजवळ ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीखालचा असाच रूळ फुटला. सुमारे ३५ मीटर लांबीत त्याचे ३०० हून अधिक तुकडे झाले होते. चार जणांचा जीव गेला. एवढे तुकडे होण्याचे कारण शेजारधर्मातच आहे: पहिली भेग आरपार गेल्यावर चाकांचे धक्के बसू लागले आणि पुढच्या लांबीत रांगेने तयार असलेल्या भेगांपाशी रूळ एकामागून एक तुटत गेला.

आपल्याकडे हिवाळ्याच्या रात्री लांब वेल्डेड रूळ आखडू पाहतात, स्लीपर त्यांना आखडू देत नाहीत, म्हणून रूळ ओढलेल्या तारेसारखे ताणलेले राहतात आणि त्याच वेळी पोलादही थंड असते. थंडीतली रात्रीची गस्त याचसाठी असते. आपल्या भावांनी अशा रेघा दिसलेली जागा किलोमीटर आणि खांब क्रमांकासह लेखी कळवावी, आणि रेघांची लांबी नोंदवताना दोन रेघांमधले अंतरही नोंदवावे. अशा रुळाचा वरचा थर वेळेवर यंत्राने घासून काढला तर भेगा खाली वळण्याआधीच नाहीशा करता येतात.

प्रश्न : आमच्या यार्डात बार्जच्या प्लेटला भेग दिसली की टोकाला भोक पाडून ती थांबवतात. दोन भेगांची टोके समोरासमोर असतील तर मध्ये एकच भोक पाडले तर चालते का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : चालत नाही. टोकाला भोक पाडल्याने अणकुचीदार टोक जाऊन गोल कड येते आणि ताणाचे दाटणे कमी होते, हे खरे. पण तो तात्पुरता उपाय आहे. दोन भेगांच्या मध्ये भोक पाडले की जी पट्टी दोन्ही बाजूंना बांधून ठेवत होती तीच आपण स्वतःच्या हाताने काढून टाकतो. आता ती मधे गोल भोक असलेली एकच लांब भेग झाली, आणि तिच्या बाहेरच्या दोन टोकांवर पूर्ण लांबीचा भार आला. भोके पाडायचीच तर ती बाहेरच्या टोकांना पाडावीत, तीही टोक दिसते तिथे नव्हे, तर डाय पेनिट्रंटने किंवा मॅग्नेटिक पार्टिकलने खरे टोक शोधून त्याच्या किंचित पुढे, म्हणजे टोक भोकाच्या पोटात येईल. भोकाची कड रीमरने गुळगुळीत करावी, कारण ड्रिलने सोडलेला एखादा ओरखडा पुढच्या भेगेची सुरुवात होऊ शकतो. त्यानंतर बार्ज पुढच्या फेरीला न पाठवता दोन्ही भेगांसह तेवढा प्लेटचा तुकडा कापून, कोपरे गोल ठेवून, नवा बसवावा.